मळमळ एकाएकी थांबली, आनंदही सापडत नाही: गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत काय समजायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पहिलंच गरोदरपण, सात आठवडे झालेत. दोन आठवडे सतत मळमळत होतं आणि काल सकाळी उठलात तर काहीच नाही. तेव्हापासून छाती अजून दुखतेय का हे दिवसातून दहादा दाबून बघताय, घरी पुन्हा दोनदा टेस्ट केलीत, बाथरूमला गेलात की आधी कपड्यावर डाग आहे का ते पाहताय. त्यात कधीही रडू येतं, नवऱ्यावर चिडचिड होते, आणि ज्या बातमीची वर्षभर वाट पाहिली तिचा आनंद मनात शोधूनही सापडत नाही. ‘माझ्यात काही कमी आहे का?’ असं विचारलंय, आणि शेवटी, ‘आईला आत्ता सांगू का?’

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. तुमच्यात काहीही कमी नाही. आणि एक दिवस मळमळ नसण्यावरून गर्भाबद्दल कोणताही निष्कर्ष निघत नाही, चांगला नाही आणि वाईटही नाही. मी २२ वर्षं बाळंतपणाचं काम करते आहे. इतक्या वर्षांत पहिल्या तीन महिन्यांतल्या बायकांचं सगळ्यात जास्त हाल करणारी गोष्ट मी पाहिली ती हीच: शरीर रोज देत असलेल्या शंभर बारीकसारीक इशाऱ्यांना बाळाचा निकाल समजून वाचत बसणं. त्यातले मोजके इशारे खरोखर महत्त्वाचे असतात, ते पुढे सांगते. बाकीचे तुमच्या शरीराबद्दल सांगतात, बाळाबद्दल नाही.

सुरुवात आठवड्यांच्या हिशेबापासून, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. आम्ही गरोदरपण शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतो. गर्भधारणा त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी होते. म्हणजे तुमचे सात आठवडे झाले असले तरी गर्भाचं वय पाचच आठवडे आहे आणि त्याची लांबी सुमारे एक सेंटिमीटर. तुमची पाळी उशिरा येणारी असेल, बीज चौदाव्या दिवसाऐवजी विसाव्या दिवशी बाहेर पडलं असेल, तर हा सगळा हिशेब आठवडाभर मागे जातो. ‘सोनोग्राफीत गर्भ लहान दिसतोय’ हे वाक्य ऐकून हबकलेल्या कितीतरी बायकांच्या बाबतीत गर्भात काही दोष नव्हता, तारीख तेवढी चुकली होती.

आता मळमळ. गर्भ पिशवीच्या, म्हणजे गर्भाशयाच्या, अस्तरात रुजला की एचसीजी नावाचं संप्रेरक रक्तात येतं आणि सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी साधारण दुप्पट होतं. आठव्या ते अकराव्या आठवड्याच्या आसपास ते शिखर गाठतं आणि मग उतरतं. मळमळीचा आलेखही बराचसा असाच चालतो: पाचव्या-सहाव्या आठवड्यात सुरू, नवव्याच्या सुमारास सर्वांत वाईट, चौदाव्या-सोळाव्यापर्यंत बहुतेकींची ओसरलेली, काहींची मात्र विसाव्यापर्यंत रेंगाळणारी. दहा जणींपैकी सात-आठ जणींना ती होते. सकाळीच होते हा समज चुकीचा आहे. कित्येकींना संध्याकाळी जास्त होते. आणि हा आलेख सरळ रेषेत चालत नाही. तीन दिवस हैराण, एक दिवस मोकळा, पुन्हा दोन दिवस उमासे, असं चालतं. तुमचा कालचा दिवस असाच मोकळा असू शकतो. उद्या मळमळ परत आली तर तुम्हाला कदाचित बरंच वाटेल.

बरं, ज्यांना मळमळ होतच नाही त्यांचं काय? त्यांची बाळं काही कमी धडधाकट नसतात. २०२३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने यातली एक मोठी गाठ सोडवली. गर्भ आणि वार मिळून जीडीएफ-१५ नावाचं संप्रेरक तयार करतात, ते आईच्या मेंदूतल्या उलटीच्या केंद्रावर काम करतं. ज्या स्त्रीच्या रक्तात गरोदरपणाआधी हे संप्रेरक फारच कमी असतं तिला त्याची सवय नसते, म्हणून तिला जास्त त्रास होतो. जिच्या रक्तात ते आधीपासून भरपूर असतं तिला कमी. म्हणजे एकीला अंथरूण धरायला लावणारी मळमळ आणि दुसरीला काहीच न होणं, यामागे दोघींच्या शरीरांची आधीची सवय बरीच असते. म्हणून बहिणीशी, मैत्रिणीशी किंवा स्वतःच्या कालच्या दिवसाशी तुलना करून काही हाती लागत नाही.

घरच्या टेस्टचंही तेच. दुसरी रेघ किती गडद आहे यावरून गर्भ कसा वाढतोय ते समजत नाही; ती पट्टी फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगण्यासाठी बनवलेली आहे. उलट पुढच्या आठवड्यांत लघवीत एचसीजी इतकं वाढतं की पट्टीवरची रसायनं त्याला पुरत नाहीत आणि रेघ पूर्वीपेक्षा फिकट दिसू शकते. हे माहीत नसलेल्या बायका मध्यरात्री रडत फोन करतात. घरात उरलेली किट्स असतील तर कृपा करून टाकून द्या.

मळमळ परत आली तर सहन करत बसायचं नाही, हेही सांगून ठेवते. पोट पूर्ण रिकामं राहू देऊ नका. उठण्याआधी अंथरुणातच काहीतरी कोरडं खा, मग दर दोन तासांनी थोडं थोडं. पाणी जेवणाबरोबर भरपूर पिण्यापेक्षा मधल्या वेळात घोटघोट प्या. गरमपेक्षा गार अन्नाचा वास कमी येतो, म्हणून ते बऱ्याच जणींना चालतं. आल्याचा थोडा उपयोग होतो. या दिवसांत जेवण चौरस झालं नाही तरी चालेल, पोटात राहील ते खा. एवढ्याशा गर्भाची गरज फार थोडी असते. एवढ्याने भागलं नाही तर औषध मागा. ब-६ जीवनसत्त्व आणि डॉक्सिलामिन यांची जोडी अनेक दशकं वापरात आहे आणि सुरक्षित मानली जाते.

औषधाचं नाव काढलं की बायका दचकतात, आणि त्यामागे इतिहास आहे. १९५७ साली बाजारात आलेलं थॅलिडोमाइड मळमळीसाठी दिलं गेलं, हजारो मुलं हातापायांच्या व्यंगांसह जन्मली आणि १९६१ अखेरपासून ते मागे घेतलं गेलं. ती भीती जगभरच्या आयांच्या मनात बसली. पुढे या ब-६ आणि डॉक्सिलामिनच्या गोळीवरही खटले भरले गेले. तिच्यामुळे व्यंग होतं असं सिद्ध झालं नसतानाही कंपनीने १९८३ साली ती अमेरिकेतून काढून घेतली, आणि तीस वर्षांनी, २०१३ साली, तिथे त्याच जोडीला पुन्हा मान्यता मिळाली. मधल्या काळात किती बायकांनी उगाच सोसलं असेल याचा विचार मी अनेकदा करते.

मात्र २४ तास पाण्याचा घोटही पोटात राहत नसेल, लघवी गडद आणि अगदी थोडी होत असेल, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, किंवा गरोदरपणाआधीच्या वजनातलं पाच टक्क्यांहून जास्त वजन उतरलं असेल, तर तो वेगळा आजार आहे. त्यासाठी सलाइन लागतं, कधी दवाखान्यात दाखल व्हावं लागतं. ‘सगळ्याच बायकांना होतं’ म्हणून कुणी तुम्हाला परत पाठवलं तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.

थकव्याबद्दल तुम्ही लिहिलं नाहीये, पण तो असणारच. बाहेरून पोट सपाट असतं, म्हणून घरच्यांना आणि कामावरच्या लोकांना हा थकवा खरा वाटत नाही. कधी कधी तुमचा तुम्हालाही वाटत नाही. आत मात्र प्रचंड उलथापालथ चाललेली असते. रक्तातला द्रव सहाव्या-सातव्या आठवड्यापासून वाढायला लागतो आणि शेवटच्या तिमाहीपर्यंत पन्नास टक्क्यांच्या आसपास वाढतो. हृदय दर मिनिटाला जास्त रक्त ढकलू लागतं. मूत्रपिंडं पहिल्या तीन महिन्यांतच सुमारे दीडपट गाळण करायला लागतात, म्हणून एवढ्या लवकर वारंवार लघवीला जावं लागतं. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाने झोप येते, आतडी मंदावतात, पोट फुगतं, शौचाला त्रास होतो. रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब थोडा उतरतो, म्हणून झटकन उठलं की चक्कर. छाती जड होते, स्तनाग्रांभोवती बारीक उंचवटे दिसतात. तोंडात धातूसारखी चव, सारखं पाणी सुटणं, लांबून येणारा वासही असह्य होणं, हे सगळं याच यादीतलं. दुपारी डोळा लागला तर लागू द्या. त्याला आळस म्हणणाऱ्याला हा परिच्छेद वाचायला द्या.

आता ज्याची तुम्हाला खरी भीती आहे ते.

ओटीपोटात पाळीसारखं हलकं, येऊन जाऊन दुखणं या दिवसांत फार सामान्य आहे. पिशवी वाढते, तिला धरून ठेवणारे बंध ताणले जातात. थोडे डाग दिसणंही तुम्हाला वाटतं तितकं दुर्मीळ नाही. साधारण चार गरोदर स्त्रियांपैकी एकीला पहिल्या तीन महिन्यांत कधीतरी रक्त दिसतं, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींचं गरोदरपण पुढे नीट चालतं. तपकिरी डाग म्हणजे जुनं रक्त. डाग दिसले तर डॉक्टरांना कळवा, रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही सांगा. पण कळवायचं म्हणजे सगळं संपलं असं धरून चालायचं नाही.

ताबडतोब, रात्र असली तरी, निघायचं ते या लक्षणांवर: एका तासात एक पॅड पूर्ण भिजेल असं रक्त दोन तास सलग जाणं, ओटीपोटात एका बाजूला टोचणारं, वाढत जाणारं दुखणं, खांद्याच्या टोकाशी विचित्र दुखणं, घाम फुटून चक्कर किंवा शुद्ध हरपणं, थंडी वाजून ताप. एका बाजूचं दुखणं आणि खांदा मी मुद्दाम वेगळा सांगतेय. शंभरातल्या एक-दोन गरोदरपणांत गर्भ पिशवीत न रुजता बीजवाहक नळीत रुजतो. नळी फुटली की पोटात रक्तस्राव होतो, आणि खालून मात्र किरकोळ डागच दिसतात. पिशवीतच गर्भ आहे हे सोनोग्राफीत एकदा दिसलं की ही काळजी जवळजवळ मिटते.

आणि गर्भ टिकला नाही तर? हा विषय टाळून मी तुमचं भलं करणार नाही. कळलेल्या गरोदरपणांपैकी दहा ते वीस टक्के बाराव्या-तेराव्या आठवड्याच्या आत संपतात. वय जास्त असेल तर प्रमाण जास्त. त्यातल्या निदान निम्म्यांत कारण असतं ते गुणसूत्रांची चुकीची जुळणी, जी बीज तयार होताना किंवा फलनाच्या वेळीच घडलेली असते. जिना चढल्याने, ऑफिसला गेल्याने, भांडण झाल्याने, नवऱ्याजवळ गेल्याने, किंवा ‘मला नको होतं की काय’ असा विचार मनात आल्याने गर्भ पडत नाही. हे मी रोज सांगते, कारण ज्या बाईचा गर्भ पडतो ती पहिल्यांदा स्वतःचा मागचा आठवडा तपासते. एक शिक्षिका माझ्यासमोर बसून म्हणाली होती, ‘मी त्या दिवशी वर्गात ओरडले.’ ती ते तीन वर्षं मनात घेऊन फिरत होती.

तुमची सोनोग्राफी पुढच्या आठवड्यात आहे हे योग्य आहे. आतून (योनिमार्गातून) केलेल्या सोनोग्राफीत पाचव्या आठवड्यात गर्भाभोवतीची द्रवाची छोटी पिशवी, सहाव्याच्या आसपास ठोके दिसू लागतात. फार लवकर केली तर ‘अजून काही दिसत नाही’ हे उत्तर मिळतं आणि पुढचे दहा दिवस जीव टांगणीला लागतो. ठोके दिसले, डाग नाहीत, दुखत नाही, असं असेल तर बहुतेकींच्या बाबतीत गरोदरपण पुढे जाण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून जास्त असते. आणि ठोके दिसले नाहीत तर लगेच निष्कर्ष काढू देऊ नका. गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा अधिक असूनही ठोके नसतील तरच ठामपणे सांगता येतं. त्याहून लहान असेल तर आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा पाहायचं असतं.

मनाबद्दल तुम्ही सर्वांत शेवटी आणि सर्वांत संकोचाने लिहिलंय, पण तुमच्या पत्राचा खरा गाभा मला तिथेच दिसला.

आनंद झालाच पाहिजे, आणि तोही लगेच, असा जणू एक नियम आहे. प्रत्यक्षात माझ्यासमोर बसलेल्या बायकांचे चेहरे वेगळं सांगतात. बातमी ऐकून आधी पोटात गोळा येतो. नोकरीचं काय, पैशाचं काय, माझ्या शरीराचं काय, मला जमेल का? वर्षानुवर्षं उपचार घेऊन दिवस राहिलेल्या बाईलाही हे वाटतं, आणि तिला ते बोलायची चोरी असते, कारण ‘एवढं मागून घेतलं आणि आता कुरकुर?’ असं कुणी म्हणेल. आधी एकदा गमावलेल्या बाईचं मन तर स्वतःहून दार लावून घेतं. पुन्हा लागू नये म्हणून ते जीव लावत नाही. तुम्ही वर्षभर वाट पाहिलीत. दर महिन्याला निराश व्हायची सवय झालेल्या मनाला एका सकाळी विश्वास ठेवायला सांगितलं तर तो बसत नाही. तो बसायला वेळ लागतो. बऱ्याच जणींना बाळाबद्दलची ओढ हालचाल जाणवायला लागल्यावर, म्हणजे अठराव्या-विसाव्या आठवड्याच्या सुमारास येते. काहींना बाळ हातात आल्यावरही काही आठवडे लागतात, आणि त्या पुढे चांगल्या आया होतात.

चिडचिड आणि रडू यांत संप्रेरकांचा वाटा आहे, तुटक झोपेचा आहे, सततच्या मळमळीचाही आहे. दोन आठवडे बोट लागल्यासारखं वाटत असताना कोण शांत राहील? रात्री वारंवार उठावं लागतं म्हणून स्वप्नंही जास्त आठवतात, आणि ती विचित्र, घाबरवणारी असू शकतात. त्यांना भाकीत समजू नका.

नवऱ्याशी एकदा थेट बोला. त्याला दिसतंय ते एवढंच की तुम्ही दमलेल्या आणि रागावलेल्या आहात. आत काय चाललंय ते त्याला दिसत नाही, आणि त्याचीही भीती असेल, जी तो तुमच्यापासून लपवत असेल. ‘मला समजून घे’ म्हणण्यापेक्षा नेमकं काम सांगा: स्वयंपाकघरातला वास सहन होत नाही तेव्हा तू हे कर, रात्री मी रडले तर उपाय सुचवू नकोस, जवळ बस.

पण एक सीमारेषा आहे, ती ओळखा. दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ मन उदास असेल, आवडीच्या कशातच रस वाटत नसेल, मळमळ नसतानाही झोप-भूक गेली असेल, काळजी थांबवताच येत नसेल, तर ते ‘हार्मोन्स’ म्हणून सोडून द्यायचं नाही. गरोदरपणात दहांपैकी सुमारे एका स्त्रीला नैराश्यासारखा मानसिक आजार होतो, आणि त्यावर उपचार आहेत. एडिंबरा प्रश्नावली म्हणून दहा प्रश्नांचा एक साधा कागद १९८७ पासून वापरात आहे. तो मुळात बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी होता, आता गरोदरपणातही वापरतात. तुमच्या डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्ही विषय काढा. स्वतःला इजा करावी, जगूच नये असे विचार आले तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि तातडीच्या विभागात जा. रक्तस्राव होत असता तर जशा गेला असता तशाच. आधीपासून नैराश्याच्या, फिट्सच्या किंवा थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर मनाने एकही बंद करू नका. काही बदलाव्या लागतात, थायरॉइडचा डोस बहुधा वाढवावा लागतो, पण ते ठरवायचं डॉक्टरांशी बोलून, आणि लवकर.

इतर गोष्टी तुम्हाला बहुतेक माहीत आहेत, म्हणून पटकन. फॉलिक अ‍ॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, बाराव्या आठवड्यापर्यंत; मधुमेह असेल किंवा आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल तर डोस जास्त लागतो. तुम्ही दोन आठवड्यांपूर्वीच सुरू केलंत म्हणून अपराधी वाटून घेऊ नका, चालू ठेवा. दारू आणि तंबाखू पूर्ण बंद. कॅफिन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण दोन लहान कप कॉफी. ताप किंवा डोकेदुखीला पॅरासिटामॉल चालतं, आयबुप्रोफेन टाळा. चालणं, काम, रोजचा हलका व्यायाम चालू राहू दे; पूर्ण विश्रांतीने गर्भ टिकायला मदत होते असं कधी सिद्ध झालेलं नाही.

आणि आईला सांगायचं का? सांगा. तीन महिने कुणालाच सांगायचं नाही या नियमामागे हेतू एवढाच असतो की काही बिघडलं तर सगळ्यांना पुन्हा सांगायची वेळ येऊ नये. पण ज्या व्यक्तीच्या खांद्यावर तुम्ही वाईट बातमीतही डोकं ठेवाल, तिच्यापासून चांगली बातमी लपवून तुम्ही फक्त स्वतःला एकटं पाडता. तुमच्या पत्रावरून तुमची आई तशी व्यक्ती वाटते. पुढच्या आठवड्यात तपासणीला जाताना हवं तर तिला बरोबर घ्या. आणि शेवटच्या पाळीची तारीख, चालू औषधांची नावं आणि मनातले प्रश्न कागदावर लिहून न्या. आत गेल्यावर त्यातलं निम्मं हमखास विसरायला होतं.